पुढचा मॅक अवजारांवरून ओळखा

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर हे गाव साखर कारखान्याभोवती वसलं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने इथल्या माळावर ऊस लावला आणि कारखाना उभा केला. साखर कारखान्याला यंत्रशाळा लागतेच. उसाचे रोलर कातायचे असतात, रस आटवायच्या भांड्यांचे पत्रे वाकवायचे असतात आणि बॉयलरचे सांधे असे जोडायचे असतात की आतून वाफेने कितीही रेटलं तरी ते उलता कामा नयेत. हे काम अंगवळणी पडलेल्या वालचंदनगरातून आज अणुवीज केंद्रांचे भाग बाहेर पडतात आणि इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटारींची पोलादी कवचंही.

साखरेच्या गावातून रॉकेटची कवचं निघतील असं १९४० साली कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण यंत्रशाळेत उभं राहून नीट पाहणाऱ्याला तो अंदाज तेवढा अचाट वाटला नसता. जाड पत्रा गोल वाकवणं, तो बिनचूक सांधणं, आतून येणारा प्रचंड दाब तोलणं, हे बॉयलरला लागतं आणि रॉकेटच्या मोटारीलाही लागतं. कारखानदार उद्या काय बनवणार, हे त्याच्या आजच्या अवजारांत बरंचसं लिहिलेलं असतं.

हाच नियम हाती धरून एका भलत्याच कारखानदाराकडे पाहू. बारामतीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरांच्या कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो. एकाने लॅपटॉप घ्यायचं मनावर घेतलं की दुसरा म्हणतो, "थांब की जरा, नवीन येतोय म्हणे!" कुठला येतोय, कधी येतोय आणि त्यात नवीन काय असणार, याचं उत्तर बहुधा अफवांवर बेतलेलं असतं. ॲपलच्या मॅकबाबत तर अफवांचा स्वतंत्र बाजारच आहे. त्या बाजारात न शिरता, नुसत्या अवजारांवरून पुढचे लॅपटॉप आणि डेस्कटॉप ओळखता येतात का? बऱ्यापैकी येतात, आणि ओळखता ओळखता जी कारागिरी दिसते ती थक्क करणारी आहे.

बेणं आधीच ठरलेलं असतं

पहिली गोष्ट वेळेची. इथल्या शेतकऱ्याला को ८६०३२ हा ऊस नव्याने सांगायला नको. त्यातलं ८६ म्हणजे १९८६ साल. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेशी नातं सांगणारं हे वाण पाडेगावच्या संशोधन केंद्रातून 'नीरा' या नावाने महाराष्ट्राच्या शिवारात उतरलं, तोवर नव्वदचं दशक बरंच पुढे गेलं होतं. मधली वर्षं रोपांची निवड, चाचण्या, खोडव्याची पारख यांत गेली. म्हणजे १९९० साली पाडेगावच्या प्रयोगाच्या वाफ्यांत डोकावणाऱ्याला पुढच्या दशकाचा ऊस डोळ्यांनी दिसत होता. फक्त त्याला अजून बाजारचं नाव नव्हतं.

चिपचंही तसंच. आराखड्याला हात घातल्यापासून चिप दुकानात पोचेपर्यंत साधारण तीन-चार वर्षं जातात. आपण ज्या मॅकबद्दल आज तर्क लढवतो, त्याचं बेणं केव्हाच निवडून झालेलं असतं.

ॲपलने जून २०२० मध्ये जाहीर केलं की इंटेलच्या चिप सोडून आपण स्वतःच्या चिप वापरणार. त्यानंतरचा क्रम मांडून पाहा. एम१ नोव्हेंबर २०२० मध्ये आली, एम२ जून २०२२ मध्ये, एम३ ऑक्टोबर २०२३ मध्ये, एम४ मे २०२४ मध्ये आणि एम५ ऑक्टोबर २०२५ मध्ये. दोन पिढ्यांमधलं अंतर १९ महिने, १६ महिने, ७ महिने, १७ महिने. यात एकच आकडा खटकतो, तो ७ चा. एम३ नंतर एम४ इतक्या घाईने का आली? उत्तर ॲपलच्या जाहिरातीत सापडत नाही. ते तैवानमध्ये, टीएसएमसीच्या कारखान्यात सापडतं.

कथलाच्या थेंबांतून निघालेला प्रकाश

ॲपल चिपचा आराखडा करते, घडवते टीएसएमसी. एम१ आणि एम२ या ५ नॅनोमीटर प्रक्रियेच्या दोन पायऱ्यांवर घडल्या. एम३ ही ३ नॅनोमीटरच्या पहिल्या पायरीवर, एम४ दुसऱ्या आणि एम५ तिसऱ्या पायरीवर. पहिली पायरी खर्चिक आणि अवघड होती. दुसरी जास्त सुटसुटीत निघाली, म्हणून ॲपलने तिच्यावर लवकर उडी मारली.

या पायऱ्या चढायच्या म्हणजे काय करायचं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. चिपवरची नक्षी प्रकाशाने छापतात. नक्षी जितकी बारीक, तितकी प्रकाशाची तरंगलांबी कमी लागते. आज वापरात असलेल्या प्रकाशाची तरंगलांबी आहे १३.५ नॅनोमीटर. असा प्रकाश देणारा दिवा बाजारात मिळत नाही. तो मिळवण्यासाठी नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब सोडतात, सेकंदाला ५०,०००. प्रत्येक थेंब केसाच्या जाडीहूनही लहान असतो. उडत्या थेंबावर लेसरचा पहिला फटका बसतो आणि तो चपटा होतो. दुसऱ्या फटक्यात त्याचा लखलखता प्लाझ्मा होतो आणि त्यातून हवा तो प्रकाश निघतो. हा प्रकाश हवेत शोषला जातो, म्हणून सगळा कारभार निर्वातात चालतो. काचेतही तो शोषला जातो, म्हणून भिंगांऐवजी आरसे वापरावे लागतात. एक सेकंद संपेपर्यंत हा नेम ५०,००० वेळा साधलेला असतो आणि यंत्र रात्रंदिवस चालू असतं.

अशा छपाईतून एम१ मध्ये १,६०० कोटी ट्रान्झिस्टर बसले, एम४ मध्ये २,८०० कोटी. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला एम४ मधले तीन-तीन ट्रान्झिस्टर येतील, आणि ते सगळे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत.

बारीक तेवढं चांगलं, असा सरसकट नियम मात्र नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाला दाखवलेला 'विक्रम ३२०१' हा इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी तयार केलेला प्रोसेसर मोहालीत घडतो आणि त्याची प्रक्रिया १८० नॅनोमीटरची आहे. रॉकेटला हादरे, तापमानातले टोकाचे चढउतार आणि अवकाशातले किरण सोसणारा मेंदू लागतो. लॅपटॉपला बॅटरी जपणारा मेंदू लागतो. काम वेगळं, म्हणून पायरी वेगळी.

आता पहिला अंदाज बांधता येतो. ३ नॅनोमीटरच्या तीन पायऱ्या ॲपलने वापरून झाल्या. टीएसएमसीने २०२५ च्या अखेरीस २ नॅनोमीटर प्रक्रियेचं उत्पादन सुरू केलं. या प्रक्रियेत ट्रान्झिस्टरची ठेवणच बदलते: विजेचा मार्ग पातळ पापुद्र्यांतून जातो आणि त्याला चारही बाजूंनी वेढणारं फाटक त्याची उघडझाप करतं. त्यामुळे गळती कमी होते. त्याच वेगाला वीज २५ ते ३० टक्के कमी लागेल, असा टीएसएमसीचा दावा आहे. एम५ नंतरची मोठी उडी याच पायरीवर पडेल, असं मी धरून चालतो.

एका तबकडीचं गणित

दुसरा प्रश्न असा, की एकाच पिढीत साधी, प्रो, मॅक्स, अल्ट्रा अशी भावंडं का असतात, आणि थोरली बहुधा मागून का येतात?

चिप एकेक करून घडत नाहीत. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या तबकडीवर त्या शेकड्यांनी छापतात आणि मग कापतात. एम१ चं क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस मिलिमीटर होतं. कडेचे अर्धवट तुकडे सोडले तर तबकडीवर अशा पाचशेहून जास्त चिप बसतात. एम१ मॅक्स होती सुमारे ४३० चौरस मिलिमीटरची. ती बसते जेमतेम १३०.

आता तबकडीवर कुठेकुठे बारीक दोष राहणारच. समजा, दर १० चौरस सेंटिमीटरला सरासरी एक दोष आहे. लहान चिपपैकी जवळजवळ ८९ टक्के निर्दोष निघतात, मोठ्यांपैकी सुमारे ६५ टक्केच. म्हणजे एका तबकडीतून लहान चिप साडेचारशेच्या वर हाती येतात, मोठ्या पंचाऐंशीच्या आसपास. क्षेत्रफळ साडेतीन पट, पण हाती येणाऱ्या चिप एक-पंचमांशाहूनही कमी. मोठी चिप महाग का, हे दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही. नवी प्रक्रिया सुरू होते तेव्हा दोष सर्वांत जास्त असतात, म्हणून आधी लहान चिप काढायची, हात बसला की मोठी, हेच शहाणपणाचं ठरतं.

दोष असलेल्या चिपही सगळ्या फेकून देत नाहीत. पहिल्या एम१ मॅकबुक एअरमध्ये स्वस्त प्रकारात चित्रांचं काम करणारे ७ गाभे (कोअर) होते, महाग प्रकारात ८. घडण एकच. आठातला एक गाभा बिघडलेला असला, तर तो बंद करून चिप स्वस्त लॅपटॉपमध्ये घालता येते. किंमतपत्रकातल्या कितीतरी ओळी अशा तबकडीवरच लिहिल्या जातात.

आणि फार मोठी चिप हवी असेल तर? मार्च २०२२ च्या एम१ अल्ट्रामध्ये ॲपलने दोन मॅक्स शेजारी ठेवून १०,००० हून जास्त तारांनी अशा सांधल्या की प्रणालीला ती एकच चिप वाटावी. ११,४०० कोटी ट्रान्झिस्टर, दोन तुकड्यांत. लहान तुकडे वेगळे घडवून जोडायची रीत एएमडीने २०१९ पासून घरगुती डेस्कटॉपच्या चिपमध्येही आणली आहे. मार्च २०२५ च्या मॅक स्टुडिओत तर गंमतच झाली. स्वस्त प्रकारात एम४ मॅक्स आणि महाग प्रकारात एम३ अल्ट्रा, म्हणजे जास्त पैसे मोजणाऱ्याच्या हाती मागच्या पिढीची चिप. नावाकडे पाहिलं तर हे उफराटं वाटतं, तबकडीच्या बाजूने पाहिलं तर सरळ आहे.

दुसरा अंदाज असा, की यापुढच्या थोरल्या चिप अखंड नसतील, तुकडे सांधून केलेल्या असतील. आणि नवी प्रक्रिया आधी टॅब्लेट किंवा साध्या लॅपटॉपमध्ये दिसेल. स्टुडिओसारखा टेबलावरचा दांडगा गडी रांगेत शेवटी.

पस्तीस अंशांची रेघ

मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. आतली उष्णता ॲल्युमिनियमच्या अंगातून हवेत जाते. ती किती वेगाने जाईल हे अंग आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. ॲपलने या यंत्रासाठी सांगितलेलं हवेचं तापमान आहे १० ते ३५ अंश. इंदापूरला एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत बसलेल्याला ३५ हा आकडा थंड वाटेल. हवाच ४० ची असेल तर फरक घटतो, उष्णता तुंबते आणि चिप आपला वेग आपणच कमी करते. नाजूकपणा म्हणून ती हे करत नाही, जीव वाचवायला करते.

म्हणून २ नॅनोमीटरच्या त्या २५-३० टक्के विजेच्या बचतीचं मोल इथे वेगळं आहे. थंड देशातल्या माणसाला ती जास्त टिकणारी बॅटरी म्हणून भेटते. आपल्याकडे ती भर दुपारी न दमणारा लॅपटॉप म्हणून भेटेल.

याच तर्काचं दुसरं टोक म्हणजे फोनची चिप असलेला स्वस्त मॅक. आयफोन १६ प्रोमधली ए१८ प्रो ही चिप एका गाभ्याच्या कामात २०२० च्या एम१ ला सहज मागे टाकते, आणि तीही फोनच्या बॅटरीवर. अशा चिप कोट्यवधींनी घडतात, म्हणून स्वस्त पडतात. एम४ ची मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांना आली. त्या किमतीच्या बऱ्याच खाली उतरायचं असेल, तर सर्वांत जवळची वाट फोनच्या चिपमधूनच जाते.

मराठीला जास्त रुंद पाट हवा

आता बारामतीकडे. इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता उतरवली. मातीतले सेन्सर, शिवारातलं हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं यांची सांगड घालून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं, रोग कुठे डोकं वर काढतोय, हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळतं. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला आणि बारामतीचा ऊस जगभर चर्चेत आला.

ही बुद्धी क्लाउडमध्ये राहते, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमध्ये. पण हिशोब असा बदलतो आहे की तिचा बराच भाग टेबलावरच्या यंत्रात मावेल. कसा, ते पाहू.

भाषा बोलणारं एक मध्यम मॉडेल म्हणजे ८०० कोटी आकड्यांची यादी. प्रत्येक आकडा ४ बिटांत बसवला तर यादी होते ४ जीबीची. उत्तराचा एकेक तुकडा लिहिताना चिपला ही सगळी यादी मेमरीतून एकदा वाचावी लागते. म्हणून उत्तराचा वेग गाभ्यांच्या संख्येपेक्षा मेमरीतून माहिती वाहून आणणारा पाट किती रुंद आहे यावर ठरतो. एम१ चा पाट सेकंदाला ६८ जीबी वाहतो, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १७ तुकडे. एम४ चा १२०, म्हणजे ३०. एम५ चा १५३, म्हणजे ३८. एम४ मॅक्सचा ५४६. एम३ अल्ट्राचा ८१९, म्हणजे दोनशेच्या वर.

इथे मराठीचा मुद्दा येतो. मॉडेल शब्द अखंड वाचत नाही, त्याचे तुकडे करतं. इंग्रजी शब्दाचे बहुधा एक-दोन तुकडे होतात. बहुतेक मॉडेलांत देवनागरी शब्दाचे त्याहून जास्त होतात. "आडसालीला वाफसा आलाय, पाणी तोडा" एवढं साधं वाक्यही बऱ्याच तुकड्यांत फुटतं. शब्दाला सरासरी चार तुकडे धरले, तर एम१ वर सेकंदाला चार शब्द उमटतील आणि एम५ वर नऊ. त्याच यंत्रावर इंग्रजी माणसाचं काम लवकर आटोपेल. म्हणून पाट रुंद होण्याची गरज कॅलिफोर्नियापेक्षा आपल्याला जास्त आहे.

चिप आणि मेमरी एकाच पुडक्यात जवळजवळ बसवल्यामुळे हा पाट रुंद करता येतो. त्याची किंमतही मोजावी लागते: मेमरी नंतर वाढवता येत नाही. विकत घेताना घेतली तेवढीच कायमची. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये जोडकार्डांचे खाचे होते, तरी मेमरी वाढवायची सोय नव्हती. मग तेवढं मोठं खोकं कशासाठी? स्टुडिओत ५१२ जीबीपर्यंत मेमरी मिळू लागल्यावर हा प्रश्न आणखी टोकदार झाला.

मांडलेला डाव

सगळे धागे एकत्र घेतले तर माझा अंदाज असा उतरतो. एम५ ची भावंडं धाकट्याकडून थोरल्याकडे या क्रमाने लॅपटॉप आणि डेस्कटॉपमध्ये पसरतील. पुढची पिढी २ नॅनोमीटरवर जाईल आणि तिचा पहिला फायदा वेगापेक्षा थंडपणात जाणवेल. थोरल्या चिप सांधलेल्या असतील. फोनच्या चिपचा मॅक हा पायाचा दगड ठरेल आणि मॅक प्रोची जागा स्टुडिओ गिळेल. मेमरीचा पाट दर पिढीत रुंदावेल. मेमरीचा साठा मात्र तेवढ्या झपाट्याने वाढणार नाही, कारण डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने मॅकची किमान मेमरी ८ वरून १६ जीबी केली. पुढची वाढ इतक्या सहज पदरात पडेल असं वाटत नाही.

अवजारं सगळंच सांगत नाहीत. काय शक्य आहे ते सांगतात, पण ते केव्हा विकायचं आणि केवढ्याला, हे गल्ल्यावर बसलेला ठरवतो. वालचंदनगरच्या यंत्रशाळेला कवच वाकवता येत होतं, तरी कवच मागायला इस्रो जन्माला यावी लागली. मॅकच्या बाबतीत मागणारे आता आहेत, आणि ते फक्त चित्रपट संपादक किंवा प्रोग्रामर नाहीत.

साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसचं उदाहरण घ्या. चिटबॉय शिवारातून ऊसनोंदी आणतो: गट नंबर, लागणीची तारीख, वाण, लागण की खोडवा. या नोंदींना मातीच्या सेन्सरचे आकडे जोडले आणि शेतकऱ्याने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर मिळालं, तर रेंज गेली म्हणून काम अडणार नाही. शेतकऱ्याची माहितीही ऑफिसबाहेर जाणार नाही. एम४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला. तळहाताहून थोडा मोठा डबा, तरी एवढ्या कामाला तो आजच उंबऱ्यावर उभा आहे. दोन-तीन पिढ्यांत असा डबा आत येऊन बसेल.

तेव्हा कट्ट्यावर कुणी "थांब की" म्हणालं तर त्याला विचारा, कशासाठी थांबायचं? चिपच्या नावातला आकडा एकने वाढण्यासाठी थांबणं फोल आहे. आजचं काम अडलेलं असेल, तर आजचा मॅक घ्यावा आणि पैसे वेगापेक्षा मेमरीवर घालावेत, कारण ती पुन्हा घेता येणार नाही. आणि पुढची घोषणा होईल तेव्हा गाभे, रंग, पातळपणा या ओळी सोडून सेकंदाला किती जीबी हा एकच आकडा आधी शोधावा. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला बारामती-इंदापूरच्या ऑफिसात किती झटकन उत्तर मिळेल, हे त्याच आकड्यावर ठरणार आहे.